गढी बांधू नका, पण खणूही नका

यंदा मे महिन्यात गावाकडे गेलो, तेव्हा गढीचा उत्तरेकडचा बुरूज जागेवर नव्हता. वरचं बांधकाम आजोबांच्या काळातच ढासळलं होतं. आम्हा पोरांना माहीत होता तो एक गोल, बुटका, गवतानं मढलेला उंचवटा. पोळ्याला बैल मिरवत आणताना त्याला वळसा घालून यायचे. आता तिथं जेसीबीच्या दातांचे ओरखडे असलेली उभी दरड होती आणि पायथ्याला ट्रॉलीच्या चाकोऱ्या.

दरड दोन पुरुष उंच. ऊन तिरपं असल्यामुळे थर स्वच्छ दिसत होते. वर हातभर भुसभुशीत माती, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. खाली पडक्या भिंतीचा ढिगारा. त्याखाली भेंड्यांची, म्हणजे कच्च्या मातीच्या ठोकळ्यांची रांग, एकावर एक नीट बसवलेली, सांध्यांत चिखल लिंपलेला. एका भेंड्यावर कडब्याच्या पेराचा ठसा होता, नखानं मोजता येईल इतका ठसठशीत. त्या खाली राखेचा बोटभर जाड पट्टा आणि पट्ट्याखाली पुन्हा पांढरी माती. त्या खालच्या पांढरीत खापरं, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा आणि मातीच्या चिलमीचं तोंड.

चिलमीचा तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो. तंबाखू मूळची आपल्याकडची नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा वकील असदबेग 1604 च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्यानं बादशहासाठी तंबाखू नेली आणि आग्र्याच्या दरबारात तिचं मोठं नवल झालं. दख्खनमध्ये उत्खनन करणाऱ्यांना म्हणूनच चिलमीचं खापर सापडलं की काळाचा एक टप्पा कळतो. भिंत चिलमीच्या वर असेल, तर ती तंबाखू आल्यानंतरची. आमच्या गढीचं वय सांगणारा एकही कागद गावात नाही. वय सांगू शकली असती ती ही दरड, आणि तिची निम्मी माती कुणाच्या तरी शेतात पसरून झालेली.

ट्रॉली भरणारा पोरगा ओळखीतलाच. त्याला विचारलं, तर त्याला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. ‘‘दादा, नुसती पांढरी हाय ती. दगड कुठं हाय त्यात?’’

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळ्यांनीच त्याला हे शिकवलं आहे. इतिहास म्हणजे दगड, माती म्हणजे ढिगारा. मला भांडायचं आहे ते त्या ‘नुसती’ या शब्दाशी.

पांढरी ही नुसती माती नव्हेच. जुन्या कागदांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावचा पाटील दोन्हींचा. वस्तीच्या जागेला पांढरी हे नाव पडलं ते तिथली माती खरोखर पांढुरकी असते म्हणून, आणि ती तशी होते माणसं राहिल्यामुळे. चुलीची राख, गोठ्याचं शेण, सारवणाचे पापुद्रे, पावसानं विरघळलेल्या भिंती, हाडं, चुना, भुसा हे सगळं शेकडो वर्षं एकाच जागी साचत जातं आणि काळ्या रानाच्या मधोमध फिक्या रंगाचं एक टेकाड उभं राहतं. ती माती निसर्गानं केलेली नाही, माणसांनी राहून राहून केलेली आहे. पिकाला ती मानवते तीही याच कारणानं. म्हणून शेतकरी ती नेतो, आणि म्हणूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक तिच्यात माणसाची खूण शोधतात. दोघांना हवं ते एकच आहे.

गढी उभी राहते ती बहुतेक वेळा याच टेकाडावर. पाटील, देशमुख, देशपांडे, जहागीरदार अशा वतनदाराचं तटबंदी असलेलं घर म्हणजे गढी. तिला किल्ला म्हणता येत नाही, कारण तिथं राजाचं ठाणं नसे. साधा वाडा म्हणावा तर बुरूज असतात. खालचे थर दगडाचे आणि वर पांढरीची किंवा विटांची भिंत, पायथ्याशी इतकी रुंद की माथ्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालावीत. आत देवडी म्हणजे दारातली पहाऱ्याची जागा, आड, धान्याची पेवं म्हणजे जमिनीतली कोठारं, आणि बळदं म्हणजे भिंतीतली. ‘पेव फुटणं’ आपण रोज बोलतो. त्यातलं पेव ज्यांना डोळ्यांनी बघायचं असेल त्यांनी एखाद्या पडक्या गढीत जावं. काही गढ्यांभोवती खंदक होता. तो बुजून आता बाभळी वाढलेली एक खोलगट पट्टी दिसते आणि लोक तिला ओढा समजतात. पेंढाऱ्यांची धाड आली, फौज गावावरून चालली, की गुरंढोरं आणि बायापोरं घेऊन गाव गढीत शिरायचं. पेंढारी 1818 पर्यंत मोडले गेले. त्यानंतर तटबंदीचं काम संपलं, पण रुबाब टिकला. पुढे स्वातंत्र्यानंतर वतनं गेली, कुळकायदा आला, 1960 च्या दशकात मुलकी पाटीलकीही गेली आणि गढीतली माणसं पुण्या-संभाजीनगरला निघून गेली. छप्पर गेलं की मातीची भिंत चार-सहा पावसाळ्यांत खचते. माझ्या लहानपणी आम्ही ज्या गढीवर खेळलो ती खरं म्हणजे खचून झालेली गढी होती.

महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांहून जास्त. प्रत्येक गावात गढी नाही, पण मराठवाडा, खानदेश, नगर-सोलापूरचा पट्टा, वऱ्हाड इथला कुणीही वाचक आपल्या पंचक्रोशीतल्या दोन-चार गढ्या बोटांवर मोजून दाखवेल. यातल्या सांभाळल्या कोणत्या गेल्या? सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, कारण तिथं जिजाऊंचा जन्म झाला. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची गढी. चौंडीला शिंद्यांची, जिथं 1725 मध्ये अहिल्यादेवी जन्मल्या. थोर माणसाचं नाव जोडलेलं असलं की गढीला निधी मिळतो, फलक लागतो, जयंतीला मंत्री येतात. ते झालंच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गढीत कुणी थोर जन्मलं नाही, जिथं नुसतं गाव राहिलं, तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आनंद मलाही झाला. पण किल्ल्यांवर जे धान्य गेलं, जी माणसं गेली, जो शेतसारा गेला, तो कुठून गेला? या गावांतून, या गढ्यांच्या देवडीत मोजला जाऊन. किल्ला जपायचा आणि त्याला पोसणारी गावाची खूण ट्रॉलीत भरायची, यातून अर्धाच इतिहास उरतो.

इथं मला इंग्लंडचं उदाहरण द्यायचं आहे. आपल्या गढ्यांचे चुलतभाऊ म्हणावेत अशा जागा तिथं आहेत: मध्ययुगातली खंदकानं वेढलेली घरं. छोट्या जमीनदाराचं घर, भोवती पाण्यानं भरलेला चौकोनी खंदक, आत जायला एक पूल. अशी सहा हजारांच्या आसपास ठिकाणं तिथं नोंदलेली आहेत. त्यातली बरीचशी 1250 ते 1350 या शंभर वर्षांत खोदली गेली आणि सर्वांत जास्त आहेत ती मध्य आणि पूर्व इंग्लंडच्या चिकणमातीच्या मुलखात. काहींमध्ये अजून घर उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. पण बहुतेक ठिकाणी घराचा मागमूस नाही. एका कुरणात चौकोनी खळगा, पावसाळी पाणी, कडेनं झाडं, मधल्या उंचवट्यावर चरणाऱ्या गाई. बघायला गेलेल्या माणसाला तिथं काहीही दिसत नाही.

आणि तरी त्यातल्या अनेक खळग्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे. 1979 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तिथं खोदणं, भर घालणं गुन्हा आहे, जमीन खाजगी असली तरी. तिथले लोक आपल्यापेक्षा शहाणे म्हणून हे झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढवायच्या घाईत त्यांनीही असे खंदक बुलडोझरनं बुजवले, ओसाड गावांचे उंचवटे नांगरून सपाट केले, आणि त्यासाठी सरकारनं अनुदानही दिलं. मग काही अभ्यासकांच्या लक्षात आलं की आपण जे सपाट करतोय त्याची साधी यादीसुद्धा कुणाकडे नाही. यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड गावात 1950 पासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात उत्खनन चाललं. तिथं ना राजवाडा होता ना खजिना. शेतकऱ्यांची घरं होती. त्यातून एक गोष्ट तिथल्या लोकांना पटली: राजांचा इतिहास कागदावर असतो, गावाचा मातीत.

त्यांच्याकडे आणखी एक व्यवस्था आहे आणि मला ती कायद्याहून मोलाची वाटते. जिल्ह्याजिल्ह्याला पुराव्यांची एक नोंदवही असते. स्मारकाचा दर्जा मिळालेली ठिकाणं तिच्यात असतातच, न मिळालेलीही असतात: खळगा, उंचवटा, जुनी वाट, नांगराला खापरं लागलेलं शेत. तिथं कुणाला बांधकाम करायचं असेल तर परवानगी देणारा अधिकारी आधी ती वही उघडून बघतो. बंदी नसते. नोंद असते, आणि नोंद असल्यामुळे विचारणा होते.

शेजारच्या आयर्लंडची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. तिथं मातीच्या गोल बांधांची हजारो जुनी घरठाणं शिल्लक राहिली, त्यामागे लोकांची एक समजूत होती. ती पऱ्यांची जागा, तिथं कुदळ लावली तर घराचं वाईट होतं, असं शेतकरी मानत. आपल्या गढ्यांनाही इतके दिवस म्हसोबानं, पिरानं, बुरुजावरच्या मारुतीनंच राखलं. भीती गेली, त्याचं मला दुःख नाही. तिच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही, हे खुपतं. आणि एक समजूत मात्र अजून जिवंत आहे, ती गुप्तधनाची. अमावास्येच्या रात्री गढीत पाडलेले खड्डे कुठल्याही गावात बघायला मिळतात. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे, असा कायदा 1878 पासून आहे. खड्डे पाडणाऱ्यांना हंडा काही मिळत नाही. ते उलथून टाकतात ते थर.

थर का जपायचे, याचं उत्तर मी त्या चिलमीच्या आधारानं देतो. आपल्या जेवणातली मिरची, मका, बटाटा, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. ते गोव्याच्या बंदरात कधी उतरलं याचा अंदाज बांधता येतो. पण बालाघाटच्या डोंगरातल्या एखाद्या गावात, एखाद्या कुणबिणीच्या पाट्यावर पहिली मिरची कधी वाटली गेली? कोणत्याही बखरीत ते लिहिलेलं नाही, दप्तरातही सापडायचं नाही. सापडलं तर या पांढरीत सापडेल. जळून कोळसा झालेलं बी शेकडो वर्षं टिकतं. भेंड्यात मळलेल्या भुश्याचा ठसा टिकतो. दुष्काळात लोकांनी काय खाल्लं, गाव उठलं आणि पुन्हा वसलं ते केव्हा, आग लागली ती एका घराला की सगळ्या गावाला, हे राखेच्या त्या बोटभर पट्ट्यात आहे. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी 1950 च्या दशकात कुदळ लावली ती अशाच पांढरीला, आणि तिथून अश्मयुगापासून मुसलमानी अमलापर्यंतचा क्रम लागला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून निघालेल्या वस्तू एकेक करून जमवल्या, त्यातून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. गढीखाली सातवाहनांचं गाव निघणं ही आपल्याकडे अचंब्याची गोष्ट नाही. पण थर एकदा ट्रॉलीत पडले की वस्तू उरते आणि तिची साक्ष जाते. माझ्या हातातलं चिलमीचं तोंड आता फक्त खापर आहे.

यावर एक आक्षेप असा आहे की तो टाळून पुढं जाणं मला अप्रामाणिक वाटेल. गढी कुणाची? आमच्या गावात अशी घरं आहेत, ज्यांच्या आज्यापणज्यांनी गढीसमोरून जाताना पायातलं काढून हातात घेतलं. ज्यांच्याकडून वेठीनं माती वाहून घेतली, भेंडे पाडून घेतले, पण ज्यांना त्या भिंतीच्या सावलीत बसायची मुभा नव्हती. धाडीच्या वेळी गाव गढीत शिरायचं असं मी वर लिहिलं. सगळं गाव शिरायचं का, हा प्रश्न मला गावातल्याच एका जुन्या शिक्षकांनी विचारला होता आणि मी गप्प झालो होतो. मग ती गढी त्यांनी का जपावी? खणून नेली तर बरंच झालं, असं कुणी म्हणालं तर मला त्याचा राग येणार नाही.

तरीही माझं मत बदलत नाही, आणि त्याचं कारण त्याच प्रश्नात आहे. गढीतल्या मालकाचं नाव कागदावर आहे. सनदेवर आहे, वतनाच्या तंट्यांत आहे, मोडी कागदांच्या रुमालांत बांधलेलं आहे. गढी सपाट झाली म्हणून ते पुसलं जाणार नाही. पुसलं जाणार आहे ते दुसऱ्यांचं. वेठीनं आलेल्या माणसाचं नाव कुठल्याही दप्तरात नाही. त्याच्या बोटांचे ठसे त्या भेंड्यांवर आहेत. कुंभाराचं चाक त्या खापरांवर आहे, कासाराची बांगडी त्या राखेखाली आहे. जुलमाचा पुरावासुद्धा पुरावाच असतो, आणि तो नाहीसा झाला की जुलूम झालाच नव्हता असं म्हणायला पुढची पिढी मोकळी होते. उद्या एखाद्या गढीसमोर फलक लागलाच, तर त्यावर ती कुणी राहण्यासाठी बांधली एवढंच लिहू नये. ती कुणाच्या पाठीवरून उभी राहिली तेही लिहावं. पण त्यासाठी समोर गढी हवी.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सरळ पोटाचा आहे. रान हलकं आहे, पांढरी टाकली की पीक जोमात येतं, फुकट मिळते, मग का आणू नये? पूर्वी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर पसरायला, भिंत घालायला पांढरी लागायचीच. तेव्हा बैलगाडीनं यायची, गरजेपुरती. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरची मातीची जड छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आमच्याकडे त्या दिवसापासून माळवदाखाली झोपायची लोकांना भीती बसली आणि सिमेंटचा स्लॅब म्हणजे जिवाची हमी असं झालं. ती भीती खोटी म्हणायची माझी छाती नाही. बावन्न गावं नव्या जागी उठून गेली. त्यांची जुनी गावठाणं आज बाभळीखालची टेकाडं होत चालली आहेत. ओसाड गाव कसं तयार होतं हे इंग्रज अभ्यासक मध्ययुगात शोधतात. आपल्यातल्या पन्नाशीच्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या टेकाडांवर तरी ट्रॉल्या जाऊ नयेत असं मला फार मनापासून वाटतं, कारण तिथल्या पांढरीत माणसं गेली आहेत.

तर, घरासाठी आता पांढरी फारशी लागत नाही. लागते ती शेताला आणि भरावाला, आणि जेसीबीनं बैलगाडीचा हिशेब मोडून टाकला आहे. जी गढी खणायला आज्याला जन्म पुरला नसता ती नातवाला दोन दिवसांत नेता येते. शेताला सुपीक माती हवी असेल तर तिचा दुसरा स्रोत सरकारनंच दाखवला आहे. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, तलावही खोल होतो. आमच्या शिवारातल्या पाझर तलावात गाळ भरून राहिला आहे आणि गढी मात्र रिकामी होते आहे. भरावासाठी मुरूम आहे. गौण खनिजाचा नियमही आहे: विनापरवाना माती उचलली तर जमीन महसूल अधिनियमात दंडाची तरतूद आहे. नदीच्या वाळूसाठी तहसीलची गाडी रात्री फिरते, तशी ती गढीच्या मातीसाठीही एखादा फेरा मारू शकते. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

मग सगळ्या गढ्या राज्य संरक्षित स्मारकं करा, अशी मागणी मी का करत नाही? राज्याचा पुरातत्त्वाचा कायदा 1960 चा आहे. त्याखाली संरक्षित असलेली ठिकाणं सगळ्या महाराष्ट्रात मिळून काही शेकड्यांत मोजावी लागतात आणि तेवढी सांभाळतानाच खात्याला माणूसबळ पुरत नाही. त्या यादीत आणखी काही हजार गढ्या घातल्या तर फलक वाढतील, राखण वाढणार नाही. शिवाय मला जीर्णोद्धाराची भीती वाटते. निधी आला की पहिलं काम निघतं ‘साफसफाई’चं. म्हणजे उंचवटा काढून टाकायचा, पाया उघडा करायचा, त्यावर सिमेंटमध्ये नव्या दगडांचा बुरूज उभा करायचा, आत पेव्हर ब्लॉक आणि कारंजं. गढीत जे काही वाचण्यासारखं होतं ते सगळं त्या साफसफाईत बाहेर गेलेलं असतं. पडलेल्या भिंतीची माती हीच खालच्या थरांवरची गोधडी असते. ती ओढून काढली की पुढच्या दोन पावसाळ्यांत खालचंही वाहून जातं.

म्हणून माझी मागणी फार थोडी आहे. गढी बांधू नका, पण खणूही नका. गवत वाढू द्या, बाभळीची मुळं खोल जाण्याआधी झाडं तोडा, पाण्याची वाट बाजूनं काढा, आणि तिची नोंद करा.

त्या नोंदीसाठी आजच्याइतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत देशभर गावठाणांची ड्रोननं मोजणी चालू आहे. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला हा प्रयोग झाला होता. योगायोग असा की पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांची गढी याच सोनोरीत आहे. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्यानं आखतात. वरून फोटो घेतात, आणि त्यातून घराघराची मिळकत पत्रिका तयार होते. बहुतेक गावठाणांची अशी इंच न् इंच मोजणी पहिल्यांदाच होते आहे. अशा फोटोंवरून जमिनीचा उंचसखलपणाही काढता येतो, म्हणजे बुजलेला खंदक आणि पसरलेला बुरूज त्यात उमटू शकतो. इंग्लंडमध्ये विमानातून लेसरनं घेतलेली अशी मोजणी सरकारनं लोकांना खुली केली आहे आणि हौशी माणसं घरबसल्या त्यातून जुने बांध शोधतात. आपल्याकडेही गढीच्या जागेवर मिळकत पत्रिकेत एक शेरा पडला, ‘जुनी गढी, पांढरीचा उंचवटा, खोदकामापूर्वी पुरातत्त्व विभागाला कळवावे’, तर खर्च शून्य आहे. आणि हा शेरा आज पडला नाही तर उद्या त्या उंचवट्याचे पंधरा वारसांत पंधरा तुकडे होतील, प्रत्येकाची पत्रिका वेगळी होईल आणि गढी नावाची वस्तू सरकारी कागदातूनही जाईल.

मालकांचा विचार करावाच लागेल. बहुतेक गढ्या भाऊबंदकीत अडकलेल्या आहेत. विकता येत नाहीत, बांधता येत नाहीत. जो वारस उंचवटा तसाच ठेवायला तयार असेल त्याला ग्रामपंचायतीनं त्या जागेची पट्टी माफ करावी. आणि गढीच्या उतारावर ज्यांनी पत्र्याची घरं टाकली आहेत त्यांना वारशाच्या नावाखाली उठवायचा विषय कुणी काढला, तर मी त्या घरांच्या बाजूनं उभा राहीन. गावठाणात जागा नव्हती म्हणून ती माणसं तिथं गेली. पत्र्याच्या घरानं गढी झिजत नाही. उलट वस्ती असते त्या बाजूला जेसीबी येत नाही, हे मी आमच्याच गावात पाहिलं आहे.

तीच गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंची. त्या अजून दर सणाला गढीवरून पाटीभर पांढरी आणतात, चुलीला पोतेरा द्यायला. मी जेसीबीबद्दल ताडताड बोललो, तेव्हा त्यांनी काळजीनं विचारलं, ‘‘मग म्या बी न्यायची न्हाई का रं?’’ काकू, तुम्ही न्या. तुमच्या सासूनं नेली, तिच्या सासूनं नेली, आणि ती चुलीची राख होऊन पुन्हा पांढरीतच पडली. वाद पाटीचा नाही, ट्रॉलीचा आहे.

आमच्या गढीचे तीन बुरूज अजून शिल्लक आहेत. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज दिला आहे. त्यात तीनच ओळी आहेत: गढीच्या जागेवर यंत्रानं खोदकाम करण्यास गावाची मनाई असावी, मोजणीच्या वेळी गढीची हद्द खंदकाच्या खोलगट पट्टीसकट चुन्यानं आखून घ्यावी, उत्तरेच्या उघड्या दरडीवर पावसाळा संपायच्या आत मातीची पोती लावून ती झाकावी. पोती मी देतो म्हणून लिहिलंय. लावायला हात लागतील.